झडपेतलं भोक

माझा नवरा सुतार होता आणि आमच्या घरातलं एकही दार धड लागत नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. हसायला काय जातं त्यांचं? दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्या अंधारात मी अख्खा संसार केलाय. ह्यांनी गावभर कपाटं केली, जिने केले, लोकांच्या खिडक्या अशा बसवल्या की कडी लावायला करंगळी पुरे. आणि घरी? स्वयंपाकघराचं दार खांद्यानं ढकलायचं, कपाट आपलं आपण उघडायचं, आणि वरच्या मजल्यावर आमच्या झोपायच्या खोलीला रस्त्याकडे जी एकुलती एक खिडकी, तिच्या हिरव्या लाकडी झडपेत चक्क एक भोक.

ते कसं पडलं तेही ऐका. चांगलं लाकूड गिऱ्हाइकाला आणि गाठीचं घरी, हा ह्यांचा नियम. गाठ म्हणजे झाडाला जिथून फांदी फुटलेली असते तिथला फळीवरचा काळपट गोल. ती वाळते, आक्रसते आणि एक दिवस टपकन गळून पडते. आमच्या झडपेतली तशीच पडली आणि हरभऱ्याएवढं भोक राहिलं. सकाळचं ऊन त्यातून नेमकं माझ्या उजव्या डोळ्यात. "अहो, तेवढं भोक बुजवा." "उद्या." "अहो, कधी बुजवताय?" "उद्या गं." आमची लेक जन्मली, शाळेत गेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी ह्यांचा उद्या काही उजाडला नाही. मी वैतागून त्यात कापसाचा बोळा कोंबला, तर दुसऱ्या दिवशी बोळा गायब. कागद चिकटवला, कागद गायब. "वाऱ्यानं गेला असेल," असं तोंड वर करून सांगायचे.

आता तोंडाचं म्हणाल तर माझं काही कमी नाही. नाकावर राग आहे माझ्या, आणि दुपारच्या झोपेतून कुणी उठवलं तर मग बघायलाच नको. म्हणून ह्यांनी एक पद्धत पाडून घेतली होती. दुपार कलली की कोपऱ्यावरच्या कारखान्यातून चहाला घरी यायचे, पण सरळ वर नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, डावा हात कमरेवर, कारण रंधा मारून मारून कंबर धरलेली, आणि मान जराशी वाकडी करून वर खिडकीकडे बघायचं. फळी सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघतात ना सुतार, तशी ती मान. झडपा उघड्या असल्या तर मी जागी, मग हे वर यायचे. बंद असल्या तर तिथंच उभे. कधी हाक मारली नाही की कडी वाजवली नाही. मी झडप उघडायची, खाली बघायची आणि म्हणायची, "या आता, उन्हात वाळून घट्ट व्हाल."

अजून एक खोड होती ह्यांना. चालता चालता थांबायचे. नव्या फळीवर बोटांची पेरं वाजवायचे आणि मला म्हणायचे, "ऐक. इथे टुक बोलते, आणि इथे बघ, टक. इथे गाठ आहे आत." मी म्हणायची, "माझ्या डोक्यातही एक आहे, तीही वाजवून बघा." चहाची वाफ उन्हाच्या तिरिपेत कशी वळते, ओल्या फरशीवरचं पाऊल वाळताना टाच आधी जाते की बोटं, असल्या गोष्टींत ह्यांचा जीव. एकदा भर दुपारी वरून हाक मारली, "अगं, जरा ये. इथे पड आणि भिंतीकडे बघ." मी खालून ओरडले, "भांडी पडलीत ढीगभर, ती काय भिंत घासणार आहे?" ह्यांनी परत कधी बोलावलं नाही. आता यात माझं काय चुकलं? भांडी होतीच पडलेली.

हे गेले ते हॉस्पिटलात. मी चहा आणायला खाली उतरले होते आणि जवळ धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, बसले होते. मी कप घेऊन वर आले तर भाऊजी दारात उभे. त्यांचा चेहरा बघितला आणि कप हातातून ठेवायला जागाच सापडेना मला. लोक आले, रडले, जेवले, गेले. लेक राहिली काही दिवस, मग तिलाही तिचं घर. भाऊजी कारखाना बघायला लागले. एकटाच जीव, कारखान्याच्या मागच्या खोलीत राहणारा, मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. स्वभाव मात्र दुसऱ्या टोकाचा. मी नेहमी म्हणायची, हे उद्याचे आणि भाऊजी कालचे. काम सांगून तोंड मिटायच्या आत हत्यारं घेऊन हजर.

मग ती दुपार. मी झडपा लावून पलंगावर पडले होते. झोप नव्हती, नुसती पडून होते, भिंतीकडे तोंड करून. अंधाराला डोळे सरावले आणि मला दिसलं की भिंत हलतेय.

आधी वाटलं, चक्कर आली. मग बघते तर समोरचं घर भिंतीवर. उलटं! छत खाली, पाया वर. समोरच्या गॅलरीतली निळी बादली वरून खाली लटकल्यासारखी, दोरीवरचे कपडे वरच्या दिशेला वाळत घातलेले, सलूनची लाल पाटी डोक्यावर उभी. रस्ता पार वर, छताला लागून, आणि त्यावरून एक सायकल चाकं वर करून गेली. खाली, माझी जुनी ट्रंक ठेवलेली असते तिथे आभाळ. एक ढग ट्रंकेच्या कडीवरून हळूहळू सरकत गेला. मी उठून बसले. भोकातून येणारी उजेडाची कांडी दिसली आणि एकदम लक्षात आलं. बाहेरचा रस्ता त्या हरभऱ्याएवढ्या भोकातून आत आला होता, उलटा होऊन.

मी घाबरले असं नाही म्हणणार. पण जवळ जाऊन भिंतीला हात लावला. निळी बादली माझ्या तळहातावर आली. रंग कसला होता म्हणून सांगू! खऱ्या बादलीला तसा निळा नाही. ती उन्हानं विटलेली, काठाला चिरलेली. भिंतीवरची मात्र नुकतीच ओली केल्यासारखी. समोरच्या बाईनं गॅलरीतून पाणी फेकलं, ते भिंतीवर वर उडालं, आणि सपकन आवाज आला तो मात्र सरळ, खिडकीखालून. इतकी वर्षं मी ह्या खोलीत झोपा काढल्या, आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर रोज हे चालू होतं.

मग एकेक उलगडत गेलं. बोळा आणि कागद वाऱ्यानं गेले नव्हते. आणि ह्या झडपा! घरातलं एक दार लागत नाही, पण ह्या झडपा इतक्या घट्ट की भोक सोडलं तर उजेडाला सुई शिरवायला फट नाही. खोलीच्या दाराला खालून जाड कापडाची पट्टी मारलेली, मला सांगितलं होतं धूळ येते म्हणून. लबाड माणूस! घरातली एकच गोष्ट नीट केली होती, तीही चोरून. मी हसले, आणि हसता हसता इतकी रडले की उशी उलटी करावी लागली.

तेव्हाच तो माणूस आला.

छताला पाय लावून, डोकं खाली, रस्त्याच्या कडेनं सावकाश चालत आला. हातभर उंची. चेहरा कळत नव्हता, भिंतीवर चेहरे कधीच कळायचे नाहीत, डाग नुसता. पण चाल कळते हो. समोरच्या फुटपाथवर येऊन थांबला. एक हात कमरेवर ठेवला. मान जराशी वाकडी केली. आणि बघत राहिला, माझ्या खिडकीकडे.

धावत जाऊन कडी ओढली, झडपा उघडल्या. डोळे दिपले. खाली रस्ता सरळ, रिकामा, उन्हात पांढरा पडलेला. सलूनवाला दारात पेपर वाचत होता. बाकी कुणी नाही. मागे वळून बघितलं तर भिंतही पांढरी, नुसती भिंत.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मग मधे नाही, मग परत. मी कुणाला सांगितलं नाही. कशाला? लेक म्हणाली असती आई खुळावली, आणि डॉक्टरकडे नेलं असतं. पण खरं सांगते, मी दुपारी केस विंचरून पडायला लागले. धुतलेलं पातळ नेसून. ह्या वयात, ह्या अवस्थेत, सांगायलासुद्धा लाज वाटते. ह्यांच्या कोटाला भुश्श्याचा जो वास असायचा, कोरडा, घशात बसणारा, तो खोलीत यायला लागला असं मला वाटायचं, आणि भिंतीकडे तोंड करून मी नुसती बसून राहायची. कान मात्र जिन्याकडे. पायरी वाजत नव्हती. का वाजेल? झडपा बंद असल्या की हे वर येत नाहीत.

ह्यातच माझं मरण होतं. उघडलं नाही तर हे खाली उन्हात उभे, आणि उघडलं तर हे नाहीत. दोनतीनदा कडीला हात लावून मागे घेतला. शेवटी मी ठरवलं, उघडायचंच नाही. उभे तर आहेत. दिसतायत तर. जगात किती बायकांना एवढं मिळतं?

आणि त्यांची वाट बघता बघता बाकीचंही बघायला लागले. वाट बघताना डोळे मिटून थोडीच बसतो माणूस. झाडाची सावली फुटपाथवर पडायची ती भिंतीवर छताशी डोलायची, आणि पानांच्या एकेका फटीतून पडलेला उन्हाचा ठिपका गोल, अगदी गोल. समोरची बाई धुणं झटकायची तेव्हा थेंबांचं एक धुकं उडायचं आणि त्यात क्षणभर रंग दिसायचे. सलूनवाल्याचा आरसा दार उघडताना चमकायचा आणि माझ्या भिंतीवर वीज फिरल्यासारखं व्हायचं. एक पोरगी शाळेतून येताना फुटपाथच्या फटी चुकवत उड्या मारत यायची. भिंतीवर ती छतावरून उड्या मारत जायची आणि पडायची नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण मनात खरं एकच, की तो येऊन उभा राहू दे.

लेकीनं आग्रह केला म्हणून काही दिवस तिच्याकडे गेले. जीव इकडेच. परत आले ती बॅग खाली टाकून तशीच वर गेले. खोलीत रंगाचा वास. झडपा नव्या हिरव्या रंगात चकाकत होत्या. मी त्या लावल्या, पलंगावर बसले, भिंतीकडे बघितलं. अंधार. डोळे सरावायची वाट बघितली. काळोखच. झडपेवरून हात फिरवला, वरून खाली, कडेपासून कडेपर्यंत. गुळगुळीत! भोक नव्हतं.

माझं डोकं असं फिरलं की चपला उलट्यासुलट्या घालून कारखान्यात गेले. भाऊजी खुर्चीचा पाय जुळवत होते आणि खुर्चीची मालकीण समोर उभी होती.

"माझ्या खोलीत कुणाला विचारून शिरलात?" मी दारातूनच सुरू केलं.

भाऊजी हातोडी खाली ठेवून उभे राहिले. "वहिनी, किल्ली तुम्हीच दिली होती ना, पाण्याचं बघायला..."

"पाण्याचं बघायला! झडपेला हात लावायला कुणाला विचारलंत?"

"दादाला," ते म्हणाले.

खुर्चीवाल्या बाईनं आपली तीन पायांची खुर्ची उचलली आणि "मी उद्या येते हं" म्हणून सटकली. शहाणी बाई.

भाऊजी खाली बघत बोलत होते. "तुम्ही चहा आणायला गेला होतात. दादानं डोळे उघडले. म्हणाला, माझ्या खिळ्यांच्या डबीत झडपेतली गाठ आहे, पडली तेव्हापासून जपून ठेवलीय. तेवढी बसवून दे. तिच्या डोळ्यात ऊन जातं. मी म्हणालो, बसवतो. मग काही बोलला नाही. हेच शेवटचं."

मला बसायला हवं होतं, पण तिथे सगळीकडे भुस्सा. रंध्याच्या फळीला टेकून उभी राहिले. गाठ जपून ठेवली होती. इतकी वर्षं ती डबीत होती आणि हे उद्या उद्या म्हणत भिंत बघत होते. आणि जाताना स्वतःची भिंत बंद करून माझा डोळा राखून गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही दोघांनी मिळून घात केलात माझा." आणि मग न सांगायचं ते सगळं सांगून बसले. भिंत, उलटा रस्ता, आणि तो माणूस.

"कोण माणूस?" भाऊजींनी विचारलं.

"हेच. कोण म्हणजे काय? फुटपाथवर येऊन उभे राहतात. कमरेवर हात ठेवून. मान अशी करून."

भाऊजींचा चेहरा खडूसारखा झाला. त्यांनी डावा हात कमरेवर ठेवला, सवयीनं, त्यांचीही कंबर तशीच धरलेली. मान जराशी वाकडी झाली. मी बघतच राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "तो मी होतो."

मग अडखळत सांगायला लागले. "गाठ खिशात घेऊन यायचो. तिथे उभा राहून भोकाकडे बघायचो आणि वर यायचा धीर व्हायचा नाही. कडीचा आवाज आला की बोळात सटकायचो. दादाचं शेवटचं काम, वहिनी. ते केलं की दादानं सांगितलेलं काहीच उरत नाही करायला. मग मी रोज मनाला म्हणायचो, उद्या."

जो माणूस आयुष्यात उद्या म्हणाला नाही तो. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही केलं नाही. तशीच घरी आले. त्या दिवशी हे दुसऱ्यांदा गेले. पहिल्यांदा निदान लोक तरी आले होते.

त्यानंतरच्या दुपारी कशा काढल्या ते माझं मला माहीत. झडपा लावून अंधारात पडले तर भिंत म्हणजे नुसतं काळं तोंड. झडपा उघड्या ठेवल्या तर रस्ता सरळ, गोंगाट करणारा, बादली विटकी. माणूस खोटा निघाला ते दुःख होतंच, ते मी गिळलं. पण मला वाईट वाटत होतं ते बादलीचं! त्या पोरीच्या उड्यांचं, ट्रंकेवरच्या ढगाचं. ह्यांनी आयुष्यभर एकट्यानं जे बघितलं ते माझ्या हाती आलं होतं, थोडेच दिवस, आणि तेही ह्यांची वाट बघण्यात मी अर्धंच बघितलं. ह्यांनी हाक मारलेली त्या एका दुपारी, "पड इथे आणि बघ," ती हाक मला घरात ऐकू यायला लागली. वरून, भर दुपारी, ताट घासताना. मी नळ बंद करून ऐकत उभी राहायची. आणि वर जाऊन दाखवायला भिंत नव्हती.

शेवटी गेले कारखान्यात. "भाऊजी, ती गाठ काढा. मला माझी भिंत हवी."

"पण दादानं..."

"दादाला मी बघते. त्यांच्याशी मी जन्मभर भांडलेय, अजून एकदा भांडीन. चला."

हत्यारं घेऊन आले. झडपेसमोर उभे राहिले, बोट फिरवलं, डोळा बारीक केला, उजेडात तिरकी धरून बघितली. घाम फुटला त्यांना. "सापडत नाही," म्हणाले. काम असं झालं होतं की करणाऱ्यालाच कळेना कुठे केलं. सरस लावून गाठ बसवलेली, वर घासलेलं, फटींत लांबीचा लेप भरलेला, दोन्ही बाजूंनी रंगाचे हात मारलेले. "अंदाजानं दुसरं पाडू का? इथे कुठेतरी?"

"अजिबात नाही. दुसरं पाडाल तर दुसराच रस्ता येईल. सरका."

मी डोळे मिटले. रंगाचा वास सगळ्या झडपेला सारखाच, त्याचा उपयोग नाही. मग पेर वाकवलं आणि वाजवायला लागले, वरून खाली. टुक. टुक. टुक. ह्यांचं ते सगळं मी कधी मन लावून ऐकलं नव्हतं, तवा तापला होता नाहीतर दूध उतू जात होतं. पण कान आपले बसलेले असतात ऐकत, आपल्याला न सांगता. टुक. टुक. टक.

"इथे," मी म्हटलं.

भाऊजींनी वाजवून बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच तोंड फिरवलं. झडप अर्धी उघडून त्यांनी बाहेरच्या अंगानं हात घालून जाड खिळा उलटा टेकवला आणि हातोडीनं हलकेच ठोकला. आतून मी तळहात धरला होता. गाठ हातात पडली. एवढीशी, काळी, दोन्ही अंगांनी हिरवी, आणि वजनाला अगदीच काही नाही. मी ती मुठीत ठेवली.

झडपा लावून घेतल्या. मी चहा करून आणला, दोन कप. भाऊजी खाली जमिनीवर बसले, मी पलंगाच्या कडेला. "काही दिसत नाही," ते म्हणाले. "गप्प बसा, डोळ्यांना सवड द्या," मी म्हटलं. आणि मग हळूहळू भिंतीत ओल झिरपावी तसा रस्ता आला.

भाऊजींचा कप वाटेतच थांबला. "आयला," एवढंच म्हणाले. आयुष्यभर भावाबरोबर लाकूड कापलं ह्या माणसानं, पण हे त्यालाही कुणी दाखवलं नव्हतं. मी दाखवत गेले. ती बघा बादली. ते वरती पान हलतंय, ते सलूनजवळचं झाड. थांबा, आता बाई धुणं झटकेल, त्यात रंग दिसतात, बघा, बघा! चहाची वाफ भोकाच्या तिरिपेत आली आणि वळली, आधी डावीकडे, मग स्वतःभोवती. मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं. सुखच म्हणा ना. पोरगी छतावरून उड्या मारत गेली तेव्हा भाऊजी लहान मुलासारखे हसले.

पोरगी गेली आणि रस्ता रिकामा झाला. मग उजवीकडून एक माणूस आला.

सावकाश येत होता, कडेकडेनं. मी म्हटलं, असेल कुणीतरी, रस्ता काय आपल्या बापाचा आहे? समोरच्या फुटपाथवर तो थांबला. झाडाची सावली त्याच्यावरून हलत होती. त्यानं एक हात कमरेवर ठेवला. मान जराशी वाकडी केली. आणि वर बघत राहिला.

खोलीत भुश्श्याचा वास होता. भाऊजींच्या कपड्यांचा असेल. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "मी तर इथे बसलोय."

"दिसतंय मला."

भिंतीवरचा माणूस हलला नाही. घाई नव्हती त्याला. झडपा बंद असताना कधीच नसायची. माझ्या मुठीतली गाठ गरम झाली होती. भाऊजी गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठले, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उघडू?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीवरची नजर काढली नाही.

"उद्या," मी म्हटलं.